फोटोच्या दिवशी आई नव्हती

आईच्या यवतमाळच्या शाळेचा वार्षिक अंक आमच्या घरी लोखंडी पेटीच्या तळाशी असायचा. त्याच्यावर तिचा लग्नातला शालू, त्यावर हिवाळ्याच्या गोधड्या आणि सगळ्यांच्या वर डांबराच्या गोळ्यांची पुरचुंडी. पेटी वर्षातून एकदाच रिकामी व्हायची, कपड्यांना ऊन दाखवायला. मी नागपूरला मामाकडे राहून कॉन्व्हेंटात शिकत होते, त्यामुळं तो दिवस मला सहसा सापडायचा नाही.

एकदा सापडला. आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला ती दिवाळी. मी दहा वर्षांची होते. बाबा पुसदच्या तहसील कचेरीत होते आणि ऐन सणात त्यांना घरी यायला उशीर व्हायचा, कारण कचेरीतल्या कागदांवरचं राज्य बदलायचं होतं. या गोंधळात दसऱ्याआधी उघडायची पेटी आईनं दिवाळीनंतर उघडली. अंगणात बाजेवर शालू पसरला होता आणि मी त्याच्या सावलीत बसून तो अंक उलटत होते.

पातळ अंक होता. लढाईच्या दिवसांतला कागद, कडेला तपकिरी झालेला, पान उलटलं की कोपरा हातात येईल असा. मला तेव्हा मराठी वाचायला वेळ लागायचा. शाळेत आमचं सगळं इंग्रजीत, जोडाक्षर आलं की मी अडखळायचे आणि अडखळलेलं कुणी ऐकू नये म्हणून वाचतच नसे. म्हणून मी फक्त फोटो पाहिले. त्यातला एक पानभर होता, शेवटच्या वर्गातल्या मुलींचा. मधे खुर्च्यांवर शिक्षिका, पुढं सतरंजीवर काही मुली, मागं पायऱ्यांवर दोन रांगा. आणि सगळ्यांचे डोळे बारीक, कपाळाला आठ्या.

"या सगळ्या रागावल्यात का?" मी विचारलं.

"ऊन असेल," आई म्हणाली.

मी तिला शोधायला लागले. मागच्या एका रांगेत एक मुलगी होती, नाक आईसारखं, वेणी पुढं घेतलेली, हनुवटी जराशी वर. मी बोट ठेवलं. "ही तू."

आई गोधडी झटकत होती. तिनं वाकून पाहिलं आणि म्हणाली, "हं."

तो हुंकार होकाराचा होता की गोधडीच्या धुळीचा, हे मला तेव्हा कळलं नाही. मी तो होकारच धरला. पुढं कितीतरी वर्षं मामाकडे आईची आठवण आली की मला पुसदच्या घरातली, पदर खोचलेली आई आठवायची नाही. वेणी पुढं घेतलेली ती मुलगी आठवायची. ती मला जास्त जवळची वाटायची. ती शाळेत जात होती, मीही जात होते.

मॅट्रिक झाल्यावर मी पुसदला परत आले. पुढच्या शिक्षणाचं बाबांनी "पाहू" म्हटलं होतं आणि आमच्या घरात पाहूचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. महाराष्ट्र होऊन तोवर तीनेक वर्षं झाली असतील. गावात माझं फारसं कुणाशी जमेना. गल्लीतल्या मुली मले-तुले बोलायच्या, ते मला सगळं समजायचं, पण माझ्या तोंडून ते आलं की नक्कल केल्यासारखं वाटायचं, आणि मी माझ्या पद्धतीनं बोलले की त्या एकमेकींकडे पाहायच्या. म्हणून मी कमी बोलायचे. शेजारच्या काकू, फुलसावंगीकडच्या, त्यांच्या यजमानांचं कापसाच्या अडतीचं दुकान होतं, त्या मला तोंडावर 'मॅडम' म्हणायच्या. वाईट मनानं नाही. त्यांना कुणालाही काहीतरी म्हटल्याशिवाय राहवत नसे.

त्या वर्षी पेटी दसऱ्याच्या आधी, वेळेवर उघडली. मला आता मराठी नीट वाचता येत होतं आणि वाचायला घरात दुसरं काही नव्हतं. मी अंक पहिल्या पानापासून वाचला. काटकसरीवरचा निबंध, क्रीडा विभागाचा अहवाल, बक्षिसं मिळालेल्यांची नावं. मग तो फोटो आला. या वेळी त्याच्याखालची बारीक अक्षरंही मी वाचली.

आईचं नाव तिथं नसणार हे मला माहीत होतं. आमच्यात लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवऱ्या मुलीचं नवं नाव लिहितात आणि त्या दिवसापासून तिला तेच नाव. आईचं आधीचं नाव काय होतं हे मी कधी ऐकलं नव्हतं. आईकडचे आजी-आजोबा मला आठवत नाहीत, आणि मामा तिला ताई म्हणायचा. तेव्हा मी मामाचं आडनाव शोधलं. पुढच्या रांगेत नव्हतं. मधल्या रांगेत नव्हतं. मागच्या रांगेत, वेणीवाल्या मुलीच्या जागी, दुसरंच आडनाव होतं. सगळ्यात शेवटी, एका वेगळ्या ओळीत 'गैरहजर' असं छापलेलं होतं आणि त्याच्यापुढं मामाचं आडनाव, आणि त्याआधी एक नाव. छान नाव होतं. त्या नावाची कुणीच माझ्या ओळखीची नव्हती.

आई पडवीत तांदूळ निवडत होती. मी अंक तिच्यापुढं धरला.

"हे तुझं नाव?"

तिनं सूप खाली ठेवलं. "होतं."

"मग तू या फोटोत नाहीस?"

"नाही."

"मी ही मुलगी दाखवली होती. तू हो म्हणाली होतीस."

"तू म्हणालीस. मी काहीच म्हटलं नाही." ती पुन्हा तांदळातले खडे वेचायला लागली. "केवढीशी होतीस. एवढ्या आनंदानं दाखवत होतीस, तर म्हटलं राहू दे."

वेणीवाली तिच्या बाकावर बसायची, तिची मैत्रीण. पांढरकवड्याला दिली तिला, शाळेत शिकवते म्हणे आता. लग्नानंतर दोघींची गाठ नाही. मी विचारत गेले तसं आई एवढंच सांगत गेली. मग मी फोटोच्या दिवसाबद्दल विचारलं.

आदल्या दिवशी तिनं साडीला इस्त्री केली होती. इस्त्री म्हणजे पितळी तांब्यात निखारे घालून तो साडीवरून फिरवायचा. शाळेत सगळ्यांना सांगितलं होतं, फोटो आहे, नीटनेटक्या या. सकाळी ती वेणी घालत असताना तिचे काका आले आणि म्हणाले, आज हिला शाळेत पाठवू नका. उमरखेडकडची मंडळी यवतमाळला आली आहेत, दुपारच्या मोटारीनं परत जायचंय त्यांना, तेवढ्यात मुलगी पाहून घेतो म्हणतात.

"मग?"

"मग काय? इस्त्रीची साडी तयारच होती. कामी आली."

पाहायला आलेले ते माझे आजोबा होते, बाबांचे वडील. त्यांना मुलगी पसंत पडली. लग्न फाल्गुनात, मॅट्रिकची परीक्षाही तेव्हाच. आजोबा म्हणाले होते, परीक्षेचं काय एवढं, आमच्या घरून देईल, पुढच्या वर्षी आम्ही पाठवू. पुढच्या वर्षी मोठ्या काकूंचं बाळंतपण होतं. त्याच्या पुढच्या वर्षी मी.

तिनं हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. सूप आपटून कोंडा उडवला आणि उठली.

त्यानंतर काही दिवसांनी, दुपारची जेवणं झाल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. बाबा कचेरीत होते. "बाहेरून परीक्षेला बसता येतं म्हणे आता बायकांना," ती म्हणाली. "गणिताचं मला भय नाही. मराठीचंही नाही. इंग्रजी गेलं सगळं. तू शिकवशील?"

मी हो म्हटलं. मला वाटतं, त्या घरात परत आल्यापासून कुणी मला माझ्याजवळ असलेलं काही मागितलं ते तेव्हाच.

बाबांनी विरोध केला नाही. ते विरोध करणाऱ्यातले नव्हतेच. चहा बशीत ओतत म्हणाले, "बस ना परीक्षेला. कोण नाही म्हणतं? पास झालीस की माझ्या टेबलावर बस कचेरीत. मी घरी पोळ्या लाटतो."

"तुमच्या पोळ्या खाणार कोण?" आई म्हणाली.

"तेही खरं."

दुपारी मागच्या पडवीत ऊन यायचं. तिथं आमचा वर्ग भरायचा. मला शिकवायची एकच पद्धत माहीत होती, कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांची, आणि मी तीच धरली. आधी हजेरी. मी तिचं जुनं नाव घ्यायचे, छापलेलं होतं तसं, आडनावासकट, आणि तिनं उभं राहून "प्रेझेंट" म्हणायचं. पहिल्या दिवशी तिला हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी ती हातात झारा घेऊनच उभी राहिली, कारण चुलीवर काहीतरी होतं. पण रोज म्हणायची. त्या नावाला ओ देताना तिचा आवाज जरा वेगळा यायचा, लहान.

शेजारच्या काकूंना कुंपणावरून दिसायचंच. "काहून व मॅडम, मायले कायले उभं केलं? छडी द्यायची राह्यली का?"

"चुकलं तर छडीही आहे," आई म्हणाली.

"पाहा बाई. आमच्या इकडं लेकरं शाळेत जातात, तुमच्या इकडं माय जाऊन राह्यली." मग कुंपणावर कोपर टेकून, "पास झाल्या की काय द्याल आमाले?"

"पेढे."

"आन् नाही झाल्या तर?"

"तर पुरणपोळी. शिकले नाही तरी रांधता येतंच."

आई चांगली विद्यार्थिनी होती. शब्द पाठ करायची, त्यांचे अर्थ भाकरी थापताना स्वतःशी पुटपुटायची. धडा वाचताना बोट ओळीखाली ठेवायची आणि बोटाला पीठ लागलेलं असलं तर पानावर ठिपके पडायचे. ते पुस्तक माझं जुनं, नागपूरचं. एकदा तिनं मी शाळेत असताना केलेल्या खुणा पाहिल्या, अवघड शब्दांखालच्या, आणि म्हणाली, "तुलाही हेच अडलं होतं का?" तिला फार बरं वाटलं.

फॉर्मला फोटो लावायचा होता. आम्ही दोघी बाजाराच्या दिवशी स्टुडिओत गेलो. रस्त्यावर बंजारा तांड्यावरच्या बायका, काचांच्या ओढण्या, कांद्याचे ढीग, आणि आई त्यातून ताठ चाललेली, माहेरच्या हिरव्या साडीत. तिचा एकटीचा फोटो याआधी कधी निघाला नव्हता. फोटोग्राफर काळ्या कापडाखालून म्हणाला, "जरा हसा वैनी." ती हसली नाही. फोटोत तिचे डोळे मोठे आणि स्थिर आलेत, काहीतरी ऐकून घेत असल्यासारखे.

फॉर्म गेला. त्याची पावतीही आली. त्याच सुमारास माझ्यासाठी पांढरकवड्याचं स्थळ आलं.

मला पाहायला आले त्या दिवसाचं माझ्या लक्षात फार काही नाही, कारण मान वर करायची नव्हती. मला पाय आठवतात. एक काळे पंप शू, एक कोल्हापुरी, बायकांची जोडवी, सतरंजीची तांबडी किनार. साडीला इस्त्री आईनं केली होती. तोवर घरात कोळशाची इस्त्री आली होती. मुलगा वकिली करत होता, घर बरं होतं, माणसं सरळ होती. मी नाही म्हणावं असं त्यात काही नव्हतं.

तारखेवर मात्र अडलं. फाल्गुनात एकच मुहूर्त जमत होता. त्यानंतर चैत्र, मग शुक्राचा अस्त, मग थेट पावसाच्या तोंडावर. तिकडच्या मंडळींना थांबायचं नव्हतं, मुलाचे आजोबा अंथरुणाला खिळले होते. बाबा पंचांग मिटून म्हणाले, "मग फाल्गुनातलाच धरू." आणि मी मनात मोजलं. इंग्रजीचा पेपर आणि माझी हळद एकाच दिवशी येत होती. इंग्रजीचा तो पेपर यवतमाळला होता.

मी घाबरले की मला इंग्रजी सुचतं, आजही. मी दाराशी उभी होते. माझ्या तोंडून जे आलं ते पूर्ण इंग्रजीत आलं, की आईची परीक्षा आहे, तिला जाऊ द्या, मला थांबायला काही अडचण नाही. वाक्य बरोबर होतं, सिस्टरांनी शाबासकी दिली असती असं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना हसू आलं. "साहेब, मराठीत बोला. आम्ही कारकून माणसं."

मी मराठीत पुन्हा सांगितलं. तोवर ते वाक्य लहान झालं होतं.

बाबा हसायचे थांबले. त्यांनी आईकडे पाहिलं. खरंच पाहिलं, मला ते आठवतं. त्या क्षणी तिनं काही म्हटलं असतं तर त्यांनी पत्र लिहिलं असतं, असं मला अजून वाटतं. पण आईच म्हणाली, "काहीतरीच. माझ्या परीक्षेपायी पोरीचं लग्न थांबवलं म्हणतील लोक. पुढच्या वर्षी देईन."

"नक्की?" बाबांनी विचारलं.

"परीक्षा काय, दर वर्षी असते."

हेच वाक्य आजोबा बोलले होते, जवळजवळ. ते तिच्या लक्षात आलं असणार. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

देण्याघेण्याची बोलणी झाली तेव्हा आई आत होती, बायकांमध्ये. सगळं ठरून पानसुपारी फिरायला लागली, तेव्हा तिनं माझ्या होणाऱ्या सासूबाईंना हळूच म्हटलं, "एक मागू का? तिचं नाव बदलू नका. सर्टिफिकेटावर तेच आहे." सासूबाईंना नवल वाटलं. एवढंच का, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. त्या म्हणाल्या, राहू द्या, आम्हाला हाक मारायला सोपं आहे ते. लग्नात ताटात तांदूळ पसरले, अंगठीनं नाव लिहिलं आणि ते माझंच नाव होतं. भटजींनी दोनदा विचारून घेतलं.

हळदीच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. आई जात्यापासून चुलीपर्यंत आणि चुलीपासून दारापर्यंत फिरत होती, कोपरापर्यंत हात पिवळे. काकू मला हळद लावता लावता तिला म्हणाल्या, "वैनी, पेपर आजच होता ना? जा ना मग. हळदीच्या हातानं लिहा, मास्तर घाबरून पास करन."

सगळ्या बायका हसल्या. आईही हसली. मग काकूंनाच कसंतरी झालं असावं, कारण त्या थोड्या वेळानं उठून आईच्या हातातलं परातीचं ओझं काढून घेऊन म्हणाल्या, "बसा जराशा. मी करून राह्यले ना." आई बसली नाही.

पांढरकवड्याचं घर हमरस्त्याच्या जवळ होतं. दिवसभर हैदराबादकडचे ट्रक जायचे आणि ताटातली भांडी किणकिणायची. चैत्रातल्या हळदीकुंकवाला सासूबाई मला नवी सून म्हणून घरोघर नेत होत्या. एका घरी कैरीची डाळ वाटत होत्या त्या बाई माझ्यापाशी आल्या आणि थबकल्या. मीही थबकले. नाक आईसारखं, हनुवटी जराशी वर. ज्या चेहऱ्याला मी सात वर्षं आई समजत होते तो पोक्त होऊन, चष्मा लावून, हातात द्रोण घेऊन समोर उभा होता.

त्यांनी आईचं नाव घेतलं. जुनं, हजेरीतलं. "तिची मुलगी ना तू? पुसदचे व्याही म्हणाल्या सासूबाई, तेव्हाच वाटलं मला. तोंडावळा तिचाच."

मी मान हलवली. सासूबाईंना वाटलं त्यांची काही गफलत झाली आहे, कारण त्यांच्या विहीणबाईंचं नाव ते नव्हतं.

पुढं त्यांच्याकडे माझं जाणं-येणं झालं. त्या तिथल्या शाळेत शिकवत होत्या. मी एकदा त्यांना त्या फोटोचं विचारलं, की सगळ्यांचे डोळे असे का. त्या हसल्या, आणि मग हसू गेलं.

"अगं, आम्ही उन्हात उभ्या होतो. फोटोग्राफर सकाळीच आला होता, तेव्हा पायऱ्यांवर सावली होती. बाई म्हणाल्या, ती आली नाही अजून, तिच्यावाचून नको. गणितात पहिली असायची ना ती. मला पाठवलं बोलवायला. मी पळत गेले. तर घरी पाहुणे. ती पाटावर बसलेली, मान खाली घालून. मी दारातून पाहिलं आणि फिरले." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "बाईंना जाऊन सांगितलं, येतेय म्हणून. मला काय वाटलं, पाहुणे काय, चहा घेतील आणि जातील. मग ती येईलच. म्हणून सगळ्या थांबल्या. सावली गेली, ऊन डोक्यावर आलं. फोटोग्राफर कटकट करायला लागला. शेवटी बाई म्हणाल्या, घ्या. मी खरं सांगितलं असतं तर फोटो बरा आला असता."

पहिल्या बाळंतपणाला मी पौषात माहेरी आले. बाळ मार्चात येणार होतं. मी आल्या आल्या आईला विचारलं, "फॉर्म भरलास?"

"कुठं?" ती म्हणाली. "तू बाळंत होणार, मी पेपर लिहिणार? तुझं काय, माझं काय, आपल्याला मेला मार्चच सापडतो." मग लगेच, "पुढच्या वर्षी बघू." बाबा शेजारीच पेपर वाचत होते. त्यांनी तो जरा वर धरला.

इंग्रजीचं पुस्तक फडताळात होतं, वरच्या फळीवर, लोणच्याच्या बरणीमागं. पिठाचे ठिपके तसेच. फॉर्मसाठी काढलेल्या फोटोच्या उरलेल्या प्रती त्यात होत्या. मी ते परत ठेवलं. हजेरी घ्यावी असं एकदा मनात आलं, पण आई तेव्हा माझ्यासाठी डिंकाचे लाडू वळत होती आणि तिला उभं करायला मन धजलं नाही.

मैत्रिणीचं सांगावं की नाही, यावर मी बरेच दिवस घालवले. मग एका दुपारी, त्याच पडवीत, सांगितलं. बाई थांबल्या होत्या, मैत्रीण पळत आली होती, येतेय म्हणून तिनं सांगितलं, सगळं.

आई उठली. पेटी उघडायचे दिवस नव्हते. तिनं गोधड्या काढल्या, शालू काढला, तळातून अंक काढला आणि उन्हात घेऊन आली. पान तिला शोधावं लागलं नाही. ती एकेका मुलीकडे पाहत गेली, सावकाश, बोट चेहऱ्याखाली ठेवून, धडा वाचायची तशी. इतक्या वर्षांत तिनं ते पान अशा तऱ्हेनं पाहिलं नसावं. आपण जिथं नाही तिथं कोण पाहतं?

"मला वाटायचं, ऊन असेल," ती म्हणाली.

"ऊनच होतं."

"हो. पण माझ्यामुळं."

रस्त्यावरून कापसाची गाडी गेली. तिनं अंक मिटला नाही.

"त्या दिवशी दारात कुणाचे तरी पाय दिसले होते मला," ती म्हणाली. "अनवाणी, धुळीनं भरलेले. पळत आल्यासारखे. मान वर करायची नव्हती. मला वाटलं, शेजारचं कुणी लेकरू असेल."

तिनं वेणीवाल्या मुलीच्या चेहऱ्यावरून अंगठा फिरवला, कागदाची धूळ पुसल्यासारखा, आणि शेवटच्या ओळीवर आणून ठेवला.

"थांबायला नको होतं त्यांनी," ती म्हणाली. "मी कुठली येणार होते."